आधी खुंटा, मग घर

मी घर वाहणारी घोडी. वरातीतल्या घोड्या वेगळ्या, त्यांच्या अंगावर झूल असते. माझ्या पाठीवर तवा, परात, दोन घागरी, घोंगड्यांची वळकटी, कोंबड्यांची दुरडी आणि नुकती जन्मलेली कोकरं असतात. पोटाला दोरीचे वळ पडलेत, तिथे आता केस उगवत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून आज तोंड उघडलं.

माळेगावच्या जत्रेतून सटवाबाबांनी मला आणलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. सटवाबाबा आता नाहीत. त्यांची बायको चतुराबाई, मुलगा बजरंग, सून शिवकन्या आणि दीडशे मेंढरं, एवढं आमचं बिऱ्हाड. पाटोद्याजवळ डोंगरात आमची वाडी आहे. दिवाळी झाली की आम्ही वाडी सोडतो आणि खाली गेवराईकडे, काळ्या रानात उतरतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांना लेंड्यांचं खत मिळतं. एका रानात दोन रात्री, फार तर तीन. मग पुढचं रान. पावसाळ्याच्या तोंडाला परत वाडी.

म्हणजे वर्षात साठ-सत्तर वेळा आमचं घर मोडतं आणि तितक्याच वेळा उभं राहतं. ते उभं करायची चतुराबाई.

भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. पण त्याला घर नाही असं कुणी म्हणू नये. नव्या रानात पोचलं की चतुराबाई आधी नुसती उभी राहायची. वारा कुठून येतो ते गालाला कळू द्यायची. पायाने उतार चाचपायची. मग दगडाने खुंटा ठोकायची आणि मला बांधायची, तोंड चढाकडे. ओझं उतरायच्या आधी हे. खुंट्यापासून उताराकडे सात पावलांवर चूल. चुलीच्या उजव्या हाताला तीन पावलांवर घागरी. माझ्या डावीकडे पाच पावलांवर कोकरांना कोंडायची जाळी. जाळीला लागून अंथरूण. रान कुणाचंही असो, घर हेच.

"आत्याबाई, आज झाडाखाली चूल मांडू की. सावली हाय," शिवकन्या म्हणायची.

"सावली तुज्या बापाच्या घरी लई व्हती. माज्या घरात हात लावू नको."

"घर म्हनं! वास्तुशांत तेवढी ऱ्हायली."

"ती बी घालीन. तुजा बाप जेवायला येतो का इचार."

शिवकन्या हसायची आणि तोंड वाकडं करून घागरी सासूने सांगितल्या जागीच ठेवायची. सासूला सगळ्यात वरचष्मा हवा असतो, एवढंच तिला वाटायचं.

खरं मला एकटीला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी गेवराईच्या बाजाराला डोळे तपासायचं शिबिर लागलं होतं. चतुराबाई बाजारातल्या बायांबरोबर तिथे गेली होती. परत आल्यावर बजरंगने विचारलं, "काय म्हन्ला गं डाक्टर?"

"म्हन्ला, म्हातारे, तुजे डोळे पोरीवानी हायत."

बजरंग हसला आणि मेंढरांकडे गेला. ती माझ्यापाशी आली. माझ्या मानेवरची गोचिडं बोटांनी शोधत शोधत हळूच म्हणाली, "काचबिंदू हाय म्हनं. गेलेली नजर परत येत न्हाई. ऱ्हायलेली बी जाईल. कुनाला बोलू नको, बाय."

घोडी कुणाला काय बोलणार! पण तिने सांगितलं खरं.

तिला आंधळेपणाची भीती नव्हती. भीती वाडीतल्या घराची होती. दुसऱ्या एका बिऱ्हाडातल्या विजयमालाला असंच दिसेनासं झालं. पोरांनी तिला गावी ठेवलं. ती रिकाम्या अंगणात मेंढरांना हाका मारायची. वर्षही काढलं नाही तिने. आमच्या बजरंगनेही वाडीत सिमेंटची एक खोली बांधली होती. हिरवा रंग दिलेली, वर पक्कं छत.

"मेंढरांचा आवाज न्हाई त्या घरात मी काय करू गं?" ती मला म्हणायची.

म्हणून ते मोजलेलं घर. ज्या घरात प्रत्येक वस्तू पायांना पाठ आहे, तिथे डोळ्यांची गरज पडत नाही. वाटेने चालताना तिचा हात माझ्या ओझ्याच्या दोरीवर असायचा. लोकांना वाटायचं म्हातारी घोडीला जपते. मी खड्डा चुकवायचे, तशी ती चुकवायची. ट्रक आला की मी कडेला सरायचे, तशी ती सरायची. रानात आलं की माझ्या खुंट्यापासून तिचं जग सुरू व्हायचं. ती भाकरी थापायची, कोकरं पाजायची, घागर भरून ठेवायची. तीन वर्षांत एकदाही कुठे धडकली नाही.

गेल्या माघात आम्ही उमापूरच्या शिवारात होतो, बिभीषणराव नावाच्या बागायतदाराच्या रानात. रानाला लागून त्यांचा नवा बंगला होता. मी त्याच्या हौदावर पाणी प्यायला जायचे. समोर काचाच काचा, आत फिरता जिना, दहा खोल्या. बिभीषणरावांचे वडील मात्र दिवसभर बाहेर शेडमध्ये बाजेवर बसून असायचे. आत फरशीवर पाय घसरतो म्हणायचे.

तो बंगला बघायला एक बाई आली. योगिता तिचं नाव. घरांचे नकाशे काढायची. जिथे चांगलं घर आहे तिथे जायचं, ते ज्याने रचलं आणि जे त्यात राहतात त्यांच्याशी बोलायचं आणि लिहायचं, असं तिचं काम. बिभीषणराव तिला दोन दिवस बंगल्याच्या गच्चीवर घेऊन गेले. आम्ही आदल्या दिवशी वरच्या रानात होतो, त्या दिवशी खालच्या रानात उतरलो होतो. गच्चीवरून दोन्ही दिवस तिने आमचं बिऱ्हाड बघितलं आणि ती खाली धावत आली. मागून बिभीषणराव.

"अहो मॅडम, ह्ये काय बगता? बंगला सोडून? ह्ये लोक उद्या उठून जातेत."

"म्हणूनच बघते. काल तिकडे होतं तसंच्या तसं आज इकडे आहे."

"आता चूल आन् घागर, त्यात काय तसं आन् कसं!"

पण ती बसली. चांगली बाई होती, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तिने चतुराबाईच्या हातची भाकरी खाल्ली, कोकरू मांडीवर घेतलं, फीत लावून सगळं मोजलं. आम्ही पुढच्या रानात गेलो तर तिथेही आली. चतुराबाई लाजत होती आणि खूशही होती. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला विचारत होतं, हे इथे का, ते तिथे का.

"आमची रीतच हाय तशी," ती सांगायची. एवढंच. बाकी तोंड मिटलेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बजरंग जेवायला बसला होता. योगिताने वही उघडून त्याच्यापुढे धरली. "दादा, हे बघा. तीन रानं, तीन घरं. चुलीपासून घागर, घागरीपासून जाळी, कुठे वीतभरसुद्धा फरक नाही. मी मोठमोठी घरं बघितली, पण असं घर नाही बघितलं. माणसाने डोळे मिटून फिरावं आणि कुठेच अडखळू नये, असं रचलंय तुमच्या आईने."

बजरंगचा घास हातातच राहिला.

चुलीपाशी चतुराबाई भाकरी उलटत होती. तिची बोटं तव्याला लागली. तिने ती पदरात दाबली.

योगिताने वही मिटली, सगळ्यांच्या पाया पडली आणि गेली. तिला काहीच कळलं नाही. आपण कौतुक केलं, एवढंच तिला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं चरायला निघाली. बजरंग आणि शिवकन्या दोघं मागे गेली. थोड्या वेळाने बजरंग एकटा परत आला, वहाणा हातात घेऊन, पाय न वाजवता. त्याने एक घागर उचलली आणि चुलीच्या अलीकडे, वाटेतच ठेवली. मग तिथेच उभा राहिला.

मी फुरफुरले. खूर आपटले. याहून जास्त मला काय करता येणार होतं?

चतुराबाई माझ्यापासून निघाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला घागर पायात आली. ती गुडघ्यावर पडली, पाणी सगळ्या रानात गेलं. हाताने तिने घागर चाचपली, काठ चाचपला, ओली माती चाचपली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "शिवकन्येनं ठिवली वाटतं वाटंत. बरं झालं बाय, बजरंग मेंढराकडं हाय. कुनी बगितलं न्हाई."

बजरंग तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो खाली बसला आणि रडायला लागला, तेव्हा तिला कळलं.

त्याने घागर उचलून परत तिच्या जागी ठेवली.

"किती दिस झाले, आये?"

"तीन वरसं."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

वाडीतली हिरवी खोली दोघांच्याही मनात आली.

शिवकन्या आली तेव्हा तिला सगळं कळलं. जी सून रोज तोंड वाकडं करायची, ती नवऱ्यापुढे उभी राहिली. "आत्याबाईस्नी वाडीला न्हेऊ नका. मी हाय की. म्या एक बी भांडं हलवीत न्हाई."

"तू दिसभर मेंढरामागं. ही हितं एकटी. चुलीत पडली म्हंजी? हिरीत पडली म्हंजी? रोडवर ट्रक असतेत."

"तीन वरसं पडल्या का?"

"आता मला ठावं हाय," बजरंग म्हणाला. "आता मला झोप लागंल का?"

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईवर माया होती म्हणूनच त्याने तसं केलं. दोन दिवसांनी पिकअप आला. चतुराबाई माझ्याकडे आली नाही. आली असती तर मग गाडीत बसली नसती. पुढे हात करून तिने गाडीचं दार शोधलं. तिला ते सापडेना. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला काही शोधताना बघितलं.

पुढचं मला उन्हाळा सरता सरता कळलं, वाडीत परतल्यावर. त्या खोलीत तिने आपलं घर मांडून बघितलं होतं म्हणे. दारापासून चूल सात पावलांवर. पण खोली बारा फूट. पाचव्या पावलाला कपाळ भिंतीवर. मग तिने अंगणात चूल मांडली. शेजारची संगीता तिला दोन वेळा भाकरी द्यायची. लोक काय म्हणतील, पक्कं घर असून म्हातारी उघड्यावर बसते, म्हणून संगीताने चूल आत नेली. रोज सकाळी ती खोली झाडून सगळं नीट लावून ठेवायची, रोज वेगळ्या जागी. मायेनेच करायची. वैशाखात चतुराबाई दाराच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

बजरंगने मला दाराशी आणून बांधलं. "आये, घोडी आलीया."

"कुठं बांदली?"

"दारात. उजव्या अंगाला."

"मंग ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. उठून बसायचीही तिने खटपट केली नाही.

भादव्यात योगिता आली. काच लावलेलं मोठं चित्र घेऊन. आमच्या बिऱ्हाडाचा नकाशा शहरात पुष्कळ लोकांनी बघितला, नावाजला, असं ती दारातूनच सांगत होती. आत गेली, चतुराबाईला बघितलं आणि चित्र खाली टेकवलं. संगीताने तिला बाहेर आणून सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी भिंतीला टेकली. मग परत आत गेली.

"आजी, माझ्यामुळे झालं हे."

"तुजं काय चुकलं गं? इतक्या वरसांत माजं घर नीट बगितलं ते तूच. घरच्यांनी बी न्हाई." चतुराबाईने हात पुढे केला. "दी हिकडं."

ती काचेवरून बोटं फिरवत राहिली. काच सगळीकडे सारखीच.

"चूल कुठं हाय?"

योगिताने तिचं बोट धरून चुलीवर टेकवलं.

"आन् घागर? जाळी?"

तिथेही टेकवलं.

"घोडी?"

योगिताने बोट तसंच धरून ठेवलं.

"घोडी न्हाई काढली?"

"नाही आजी. मला वाटलं, जनावर आहे. ते घरात कसं धरायचं?"

"मंग ह्ये घर सुरू कुठून व्हतं?" चतुराबाईने विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं. तिने बोट काढून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

ते चित्र आत खिळ्याला टांगलेलं आहे. वाडीतले लोक येऊन बघून जातात.

दिवाळी झाली. उद्या आम्ही निघणार. घर आता शिवकन्या मांडेल, जिथे सावली असेल तिथे. तिला दिसतं, तिचं काही अडत नाही. मला बाभळ दिसेल तिथे बांधतील.

तुम्ही लोकांची घरं बघायला जाता, जरूर जा. बघा, मोजा, नावाजा. पण त्या घरात कोण कशाला धरून चालतंय ते आधी समजून घ्या, आणि समजलं तर कुणापुढे बोलताय ते बघून बोला. एवढीच विनवणी आहे माझी.

आता येते. उजाडायच्या आत बजरंग माझा खुंटा उपटेल. हळू उपट म्हणून त्याला कसं सांगू? तो आवाज चतुराबाईला ओळखू येतो, आणि ती आत जागीच असते.