कौसल्याबाईंच्या बॅगेचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. मला पारडी नाहीत. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये पितळी तबकडीवर फिरणारा काटा, एवढंच माझं अंग. पोटात एक स्प्रिंग आहे. आकड्याला ओझं लावलं की ती ताणली जाते आणि मी वजन सांगतो. ओझं कशासाठी उचललं, ते कुठे जाणार, हे मला कळत नाही. म्हणून या घरात मी फार गोंधळून गेलो.

लालबागच्या चाळीतल्या या खोलीत कौसल्याबाईंनी मला मसाल्यासाठी आणलं. उन्हाळ्यात शेजारणी मिरची, धणे घेऊन यायच्या. बाई मला दारावरच्या खिळ्याला टांगून सगळ्यांचं तोलून द्यायच्या. "कौसल्याचा काटा खोटं बोलायचा नाय," असं त्या म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

बाईंचे यजमान नाना गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत राहिले. पुढे दोघंही थकली. निराधार म्हाताऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनवर घर चालू लागलं. दरवर्षी दोघं जाऊन अंगठा देऊन येत. आपण अजून जिवंत आहोत, हे दाखवायला.

त्यांची मुलगी मानसी लग्न होऊन मस्कतला गेली होती. तिला मुलगा झाला. "तिकिटं मी काढते, दोघं या," असं तिने फोनवर सांगितलं. बाईंनी हिंदमाताच्या बाजारातून निळी साडी आणली. साडी, दुपटी, मसाल्याची बरणी असं सगळं बॅगेत भरून बॅग मला लावली. तेवढ्यात शेजारच्या शेवंतीबाई आल्या.

"वहिनी, विमानतळावर अंगठा घेतात हां. पेन्शनला पण तोच अंगठा. लगेच कळणार. म्हणतील, ही विमानातून फिरते, हिला कसली मदत?"

"मग अंगठा घरी ठेवून जाऊ काय?" नाना म्हणाले.

"तुम्हाला मस्करी सुचते. पेन्शन बंद झाली तर खायचं काय?" बाई म्हणाल्या.

"पेन्शनच्या ऑफिसात विचारून येतो," नाना म्हणाले.

"नको हो! विचारायला गेलात की नाव कळलंच त्यांना."

बॅग रिकामी झाली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. वजन जास्त सांगितलं का मी?

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा बॅग भरली आणि मला लावली. जायचं की नाही, हे दोघांचं अजून ठरतच होतं. तेवढ्यात बाईंना दम लागला. नानांनी त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

बॅग माझ्या आकड्याला तशीच राहिली. माणसं भेटायला आली, गेली. बॅगेला कोणी हात लावला नाही. नाना समोर बसून तिच्याकडे बघत.

मग एकदा मानसीचा फोन आला. "बाबा, आता तरी या. आईच्या हातचा मसाला आणा." नाना उठले आणि सरळ ऑफिसात गेले. आल्यावर शेवंतीबाईंना सांगत होते, तेव्हा मी ऐकलं.

"तिथल्या बाई म्हणाल्या, आजोबा, थोडे दिवस नातवाला बघायला जाताय, जा की. अंगठ्याच्या वेळेला परत या म्हणजे झालं. मी म्हटलं, म्हणजे आधीपण जाता आलं असतं? तर म्हणाल्या, विचारायचं होतंत."

शेवंतीबाई उठून आपल्या घरी गेल्या. आणि मला कळेना, जायला मिळालं तर नाना असे मान खाली घालून का बसले?

थोड्या वेळाने त्यांनी बॅग माझ्यावरून काढली, उघडली. मसाला आत होता. निळी साडी बाहेर काढली, मांडीवर ठेवली, आणि परत आत ठेवून दिली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आकडा रिकामा होता, तरी काटा शून्यावर आला नव्हता. त्यांनी तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"काही नाही तरी वजन दाखवतोस होय रे?" नाना म्हणाले, आणि त्यांनी मला उतरवून, पुसून खिळ्याला परत टांगलं.

उद्या ते मस्कतला जाणार आहेत. मी इथेच असेन.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा काटा असेल तर त्याला ओझं लावून तसाच टांगून ठेवू नका. तोलायचं ते तोला आणि लगेच उतरवा. फार दिवस राहिलं, की ओझं काढल्यावरही ते उतरत नाही.