सुरमीच्या आईचा अंगठा

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी चहा पिता पिता प्रशीलने पेपरातला फोटो तीनदा पाहिला. कापूस वेचणाऱ्या पोरांवर दोघांनी मिळून केलेली डॉक्युमेंटरी परदेशातल्या तीन महोत्सवांत निवडली गेली होती, आणि फोटोत हसत होती एकटी संघमित्रा. दिग्दर्शिका म्हणे! सतरा दिवस शिरपूरकडच्या शेतांत कॅमेरा खांद्यावर घेऊन करपला प्रशील, आणि विमानाचं तिकीट हिला. बातमीत त्याचं नाव शेवटच्या ओळीत, ‘सहकार्य’ म्हणून. नुसता जळफळाट झाला त्याचा.

तेवढ्यात तिचाच फोन. "घोळ झालाय रे. सुरमीच्या संमतीपत्रावर आपण मुकादमाची सही घेतलीय. महोत्सववाले पालकाचीच हवी म्हणतात. सोमवारपर्यंत दिली नाही तर फिल्म बाद. मी व्हिसासाठी मुंबईत आहे. तू जाशील?"

शेतात सुरमीबद्दल काय, फिल्ममधल्या कुठल्याही पोराबद्दल विचारलं की मुकादमच उत्तर द्यायचा, म्हणून या दोघा शहाण्यांनी त्यालाच पालक समजून सही घेतली होती.

"बघतो," प्रशील म्हणाला. शिरपूरपर्यंत मोटरसायकलवर त्याने एकच वाक्य घोळवलं: आई नाही म्हणाली. कोण तपासायला येणार होतं? हिची चांगली जिरली असती.

अकरा वर्षांची सुरमी त्याच शेतात होती, कमरेला कापसाची ओटी बांधून. फिल्म बाहेर दाखवायला परवानगी मागणारा कागद प्रशीलने तिच्या आईला वाचून दाखवला.

"कोठे लाऊ अंगठा, भाऊ?" एवढंच तिने विचारलं.

कागद खिशात गेला. अजूनही तो वाटेत फाडता आला असता.

"भाऊ, माले दखाड ना," सुरमी मागे लागली. त्याने मोबाइलवर फिल्म लावली. पडद्यावरची सुरमी केसांत कापूस घेऊन हसत होती.

"हाई कोठे जाई ऱ्हायनी?"

"परदेशात. विमानाने. मोठमोठी माणसं बघणार तिला."

सुरमीचं तोंड उतरलं. पडद्यावरच्या पोरीकडे ती रागाने बघत राहिली. सकाळी फोटोकडे तो बघत होता, अगदी तशीच.

"ती चालनी इमानमा, आन मी आठेच," ती म्हणाली, आणि ओटी आवळून परत कापसात शिरली.

प्रशीलचा जळफळाट गेला नव्हता, पण आता त्याची त्यालाच लाज वाटली. बांधावर बसून त्याने कागदाचा फोटो संघमित्राला पाठवला. खाली लिहिलं, ‘तिथे कुणी विचारलं तर सांग, सुरमी अजून वेचतेय.’