सुईची वेळ

भूल देणाऱ्या बाईंना त्या रुग्णालयात सगळे पाठीमागे 'घड्याळ' म्हणत. कुठलंही मूल ऑपरेशन थिएटरच्या दारात आलं की त्याचं नाव विचारायच्या आधी बाई विचारत, "अँटिबायोटिकची सुई कधी दिली?" आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावत. हे नाव बाईंच्या कानावर आलेलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की घड्याळ म्हणता ना, मग त्यात बघा तरी.

भांडण तसं साधं होतं. मुलांच्या मूत्रमार्गाच्या ऑपरेशनमध्ये जंतू शिरू नयेत म्हणून आधी एक सुई द्यायची असते. तीही चीर देण्याच्या जरा आधी, म्हणजे सुरी लागते तेव्हा औषध अंगात भरपूर असतं. फार आधी दिली तर ते लघवीवाटे निघून जातं आणि ऐन वेळी उरतं ते नावापुरतं. पण इथली रीत अशी की सकाळी वॉर्डातच, अंगं पुसून कपडे बदलून झाले की सगळ्या मुलांना ओळीने सुया द्यायच्या आणि एकदाचं मोकळं व्हायचं. मग थिएटरमध्ये नंबर कधी का लागेना. ही सुई थिएटरमध्ये मीच देत जाईन, हे सांगून सांगून बाईंचा घसा कोरडा पडला होता. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत, चहा पीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ लागे.

त्या दिवशी पहिला नंबर माऊचा होता. माऊ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण आई तशी हाक मारायची म्हणून सगळेच मारू लागले. चार वर्षांची पोर. एक मूत्रपिंड जन्मापासूनच निकामी. दुसरं चांगलं, पण लघवी उलटी वर चढायची आणि त्यालाही इजा करायची. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी आज नीट बसवायची होती. आईने सकाळपासून बाईंना तीनदा गाठून एकच वाक्य ऐकवलं होतं.

"मॅडम, एकच आहे हो तिचं."

"माहीत आहे मला," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

सुई सकाळी झाली. मोठे सर्जन मात्र दुसऱ्या एका रुग्णालयात अडकले होते. निघालोच, असा त्यांचा निरोप आला, मग पोचतोच असा आला, मग निरोप यायचेही बंद झाले. माऊ पाणी मागून रडली, रडून झोपली, उठून पुन्हा पाणी मागू लागली. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं हे त्या जिवाला कोण समजावणार? दुपार झाली तेव्हा सर हात धुवायला उभे राहिले आणि सगळ्या जगालाच उशीर झाल्यासारखे म्हणाले, "चला, घ्या लवकर."

"सर, हिची सुई सकाळी झालीय. आता पुन्हा द्यायला हवी."

"दिलीय ना? मग झालं तर."

"उतरली असेल ती एव्हाना."

"अहो मॅडम, तुम्ही पण ना. नंतर सात दिवस आपण औषध देतोच की. भरून निघतं सगळं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेच तर घोडं पेंड खात होतं. भिजून घरी यायचं आणि मग सात दिवस घरात छत्री उघडून बसायचं, त्यातला हा प्रकार. वर ते सात दिवसांचं औषध फुकाचं पोटात जाणार, त्याला सरावलेले जंतू अंगात तयार होणार, आणि पुढे खरी गरज लागेल तेव्हा तेच औषध हात वर करणार. बाईंचं हेही शंभरदा सांगून झालं होतं.

"मग मी भूल देत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नळ बंद झाला आणि सर मागे वळले.

"काय म्हणालात?"

"सुई आली की देते. तोवर नाही."

सुईची बाटली थिएटरमध्ये नव्हती. ती वॉर्डाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली थोरल्या सिस्टरांच्या कमरेला. वॉर्डाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. शेवटी बाई स्वतःच निघाल्या, तेही थिएटरच्या चपला घालून. त्या चपला बाहेर नेल्या म्हणून त्यांनी आजवर किती जणांना फाडून खाल्लं होतं! लिफ्टमध्ये चादरींची गाडी अडकली होती, म्हणून त्या जिन्याकडे वळल्या. दाराशी बसलेली माऊची आई त्यांना पळताना पाहून पांढरीफटक पडली.

"काय झालं?"

"काही नाही हो. घरातून निघताना काही राहिलं की आपण परत येतो ना, तसं," बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

थोरल्या सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पण मॅडम, एका मुलाला एकच बाटली येते. तिची झाली. ही उद्याच्या पोराची आहे."

"उद्याचं उद्या बघू."

"उद्या तुम्हीच विचाराल, याची सुई कुठाय म्हणून."

"सिस्टर, तुम्ही सुया इथे देताच कशाला?"

"आणि थिएटरच्या गडबडीत कुणी विसरलं तर? मागे एकदा राहिली होती. बोलणी कुणी खाल्ली? मी. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर दिल्याशिवाय मी पोर सोडत नाही."

बोलता बोलता त्यांनी कपाट उघडून बाटली हातावर ठेवलीही. सिस्टर वाईट नव्हत्या, बाईंना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. वाईट माणसाशी निदान मन भरून भांडता येतं.

सुई दिली, भूल दिली, ऑपरेशन झालं. नळी छान बसली. सर खूश होते आणि त्याच खुशीत त्यांनी सात दिवसांचं औषध लिहून टाकलं. "राहू द्या हो, आपल्याच मनाला बरं," सर म्हणाले. बाईंनी त्यांच्यापुढे हात टेकले.

संध्याकाळी माऊ शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं. चमचाभर मिळालं तशी आणखी मागितलं. बाईंना वाटलं, आज एवढं तरी पदरात पडलं. आणि कालपर्यंत माना डोलावणाऱ्यांनी आज आपल्याला जिन्यावर पळताना पाहिलंय, त्यातून कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी शिरलं असेल.

शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी थोरल्या सिस्टर थिएटरच्या दारातच उभ्या होत्या. तोंडभर हसत होत्या.

"मॅडम, काल तुमची फार पळापळ झाली. मला रात्री झोप लागली नाही बघा. आज तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही मी. रात्रपाळीला सांगून पहाटेच सगळ्यांच्या सुया उरकून घेतल्या. कालची एक बाटली कमी पडली, ती उद्याच्यातली घेतली."

बाई हातातली टोपी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"सर आले?" त्यांनी विचारलं.

"निघालेत. जेवूनच येतो म्हणाले."

बाकावर पहिल्या नंबरचं पोर आजोबांच्या मांडीवर बसून पाणी मागत होतं. सिस्टर अजून कौतुकाची वाट पाहत होत्या. बाईंनी आज सुईची वेळ विचारली नाही. त्यांनी थिएटरच्या चपला पायात सरकवल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

"मॅडम, आता कुठे?"

"उद्याच्या बाटल्या आणायला. किल्ली द्या."