सुटलेला पडदा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळेबाबा एकेकाच्या पापणीवरून ओला कापूस फिरवी, चिमटीत काचेसारखा गोळा वर धरी आणि पाण्याच्या वाडग्यात सोडी. गोळा दिसेनासा होई.

"पडदा गेला तुमचा. पापासकट विरघळला." लोक हरखून जात.

मुलगी प्रयोगशाळेतून धावतपळत पोचली, तेव्हा रांगेत आईच्या पुढे दोनच माणसं उरली होती.

"आई, चल. ऑपरेशन लांबलं तर डोळा जाईल."

"अगं, पडदा सुटलाय असं डॉक्टरच म्हणाले ना? सुटला ते बरंच झालं. उरलासुरला हे बाबा काढतील."

मुलीला ठाऊक होतं: डॉक्टर म्हणाले तो पडदा डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, त्याच्यामुळेच दिसतं. सुटला तर पुन्हा चिकटवावा लागतो. डोळ्यातल्या गरासारख्या जेलऐवजी भरता येईल असं जेल बनवणं हेच तिचं काम. त्यावर ती मोठमोठी भाषणं द्यायची. आईला मात्र "तुला नाही कळायचं" एवढ्यावर गुंडाळलं होतं. तिला मान वर करवेना.

वर केली तेव्हा चिमटीतला गोळा दिसला. ओळखीचा वाटला. ती तडक पुढे गेली.

"बाई, लोकांची पापं आहेत त्यात. हात जळेल."

"असल्याच पापांत रोज हात असतो माझा," म्हणत तिनं वाडगा कलंडवला. पाणी वाहून गेलं. तळाशी गोळ्यांचा ढीग चमकत राहिला.

"फुलदाणीत मातीऐवजी घालतात ते मणी आहेत हे. पाणी पिऊन फुगतात, जवळजवळ पाणीच होतात, म्हणून पाण्यात दिसत नाहीत. येतात कापसात लपून."

"मग माझा पडदा कुठला होता?" मागून एकानं विचारलं.

"दुकानातला."

बाहेर पायऱ्यांवर आईनं तिचा दंड धरला. "तुझं जेल घालतील मला?"

"नाही. अजून सशांवरच तपासतोय. डॉक्टर सध्या वायू नाहीतर तेल भरतात, सुटलेला पडदा जागेवर दाबून धरायला; त्याच्यामुळेच तर दिसतं."

"त्या बाबाला सगळं येत होतं. तुला येत नाही म्हणतेस."

"येत नाही ते येत नाही म्हणते, एवढाच फरक."

आई म्हणाली, "हे इतकं सोपं होतं, तर घरीच का नाही सांगितलंस?"

बाबा खोटं बोलला, पण आईशी बोलला तरी होता.

डोळ्यापुढे काळी सावली सरकली तर सरळ डॉक्टर गाठा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. आणि ज्यांना कळतं त्यांनो, आधी घरात सांगा.