सोबावाल्यांची नात

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मियाशितांच्या दुकानापुढे सकाळपासून रांग लागायची. त्या दिवशी सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, लांब शेवया पोटात गेल्याशिवाय डोंगरातल्या त्या गावात कुणाचं वर्ष सरत नसे. घरातली झाडून सगळी माणसं कामाला जुंपलेली असत. फक्त थोरली सून तोमोए तेवढी सुटायची, कारण तिच्या पाच वर्षांच्या सुझूला सोबा चालत नव्हता.

चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता, असं नाही. सुझू रांगत होती तेव्हा कुणीतरी कौतुकानं तिच्या ओठाला सोब्याचा एक धागा लावला आणि बघता बघता पोरीचा श्वास अडकला. तिथून पुढे तोमोएनं खाली शहरात भाड्याचं घर घेतलं. नवरा, शुनपेई, रोज वर दुकानात जाई आणि संध्याकाळी तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येई. तोमोएच्या पिशवीत, पोरीचा श्वास अडकला तर टोचायचं, इंजेक्शनचं पेन कायम असायचं. शेजारणी म्हणायच्या, "अगं, काचेच्या कपाटातच ठेव की पोरीला." तोमोए हसण्यावारी न्यायची आणि पेन जागेवर आहे ना, हे पुन्हा एकदा चाचपून बघायची.

यंदा मात्र सुझूला सांभाळणारी तोमोएची आई बर्फावरून घसरली आणि पाय मोडून बसली. त्यातच दुकानातली वाढपी बाई तापानं आडवी झाली. सासूबाईंचा, फुसाएंचा, फोन आला. त्या सहसा काही मागत नसत.

"दुपारपर्यंतच ये गं. सुझूला मागच्या घरी ठेवू. सगळं पुसून घेतलंय मी. उशासुद्धा नव्या आणल्यात, सोब्याची टरफलं भरलेल्या होत्या त्या जाळल्या."

"आई, दुकानातलं कुणीही मागच्या घरात जाणार नाही. दार बंद राहील. आणि तिचा डबा मी आणीन."

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

मागचं घर म्हणजे दुकानापलीकडे, अंगण ओलांडून. तिथे पोचल्यावर तोमोए दारातच थबकली. स्वयंपाकघरात सासरे, तोकुजी, पाय दुमडून बसले होते. केस ओले, अंगात कोरा करकरीत सदरा. पुढ्यात नवा पाट, नवं लाटणं, नवं पातेलं, नवी सुरी. किमतीच्या चिठ्ठ्याही अजून काढल्या नव्हत्या. चुलीशी फुसाए पाणी तापवत होत्या.

"बाबा, हे काय?"

"उदोन करतोय. गव्हाच्या जाड शेवया. सगळं घर शेवया खाणार आणि माझी नात डब्यातला गार भात चिवडणार? आजच्या दिवशी?" त्यांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. "दोनदा अंग घासलंय. दुकानात पाऊल टाकलेलं नाही. तुझा विश्वास नसेल तर हुंगून बघ."

तोमोएनं हुंगलं नाही, पण गव्हाच्या पिशवीचं सील बघितलं. पातेलं उलटं करून बघितलं. पाटावरून बोट फिरवलं.

"पोलीस बरे," तोकुजी म्हणाले.

"पोलिसांना पोर नाही ना सांभाळायची, बाबा."

म्हातारा खुदकन हसला. एव्हाना सुझू त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. आजोबा आपल्यासाठी काहीतरी करताहेत, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. एरवी आजोबा म्हणजे काचेपलीकडून हात हलवणारा माणूस. तोमोएला तिला तिथून उचलवेना. इतकी वर्षं या माणसाला नातीपासून लांब ठेवताना तिला बरं वाटत नव्हतंच.

"खाताना मला बोलवा," ती म्हणाली. "मी बघितल्याशिवाय तिला देऊ नका."

"बोलावतो. जा तू, रांग वाढतेय."

दुकानात उभं राहायला जागा नव्हती. शुनपेई पाटावर पीठ उधळत, भराभर शेवया कापत होता. त्याचे केस, भुवया, पापण्या, सगळं पांढुरकं झालं होतं. होसाका नावाचे म्हातारे गिऱ्हाईक नेहमीच्या कोपऱ्यात वाटी घेऊन बसले होते.

"म्हातारा कुठाय रे? शेवया जाड कापल्यात आज. पोराचा हात कळतो लगेच."

"जाड आहेत म्हणून चावताय तरी, होसाका काका," शुनपेई म्हणाला. "एरवी नुसत्या गिळता."

"चावायला दात कुठायत? सांग ना, कुठाय तोकुजी?"

"मागे. नातीसाठी गहू मळतोय."

होसाकांनी वाटी खाली ठेवली. "सोबावाल्याच्या घरात गहू. त्याचा बाप असता तर लाटण्यानं बडवलं असतं त्याला." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगी खाईल ना पण? मग झालं तर."

तोमोए ताटं नेत राहिली, रिकाम्या वाट्या उचलत राहिली. मध्ये दोनदा तिनं मागच्या दाराकडे बघितलं. अजून बोलावणं आलं नव्हतं. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवेना. तिनं एप्रन उतरवला, अंगणातल्या नळावर गार पाण्यानं हात-तोंड धुतलं, वरचा अंगरखा बदलला आणि मागचं दार सरकवलं.

सुझू जेवत होती. वाटी जवळजवळ रिकामी.

"मला बोलवणार होतात, बाबा."

"दुकानात काम फार, म्हटलं कशाला उगीच." तोकुजींचा चेहरा उजळला होता. "आणि गरम असताना खाण्यातच मजा. बघ, किती शहाण्यासारखी खातेय. एकही टाकली नाही. म्हटलं तिला, आजची शेवई टाकायची नाही हं, जाड आणि लांब खाल्ली की आयुष्यही तसंच होतं."

सुझूनं शेवटची शेवई तोंडात ओढली आणि खोकली. मान खाजवली.

"आई, घसा टोचतोय."

आवाज बसला होता. तोमोए तिच्याकडे झेपावली, आणि झेपावताना तिला पाटाशेजारी ती पेटी दिसली. लाकडी, कडा झिजून काळ्या पडलेली. शेवया चिकटू नयेत म्हणून भुरभुरायचं पीठ दुकानात त्याच पेटीत असायचं. आत पांढरं स्वच्छ पीठ. सोब्याच्या दाण्याच्या गाभ्याचं.

"ही पेटी इथे कशी आली?"

तोकुजींनी पेटीकडे बघितलं. मग फुसाएंकडे. फुसाए चुलीशी उभ्या होत्या. शेवया चिकटायला लागल्या तेव्हा तोकुजींनी पाटावरची नजर न काढता हात मागे केला होता, आणि फुसाएंनी दुकानातून पेटी आणून त्या हातात दिली होती. पन्नास वर्षं तो हात असाच मागे येत होता आणि पेटी अशीच त्यात जात होती. कुणाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्या घरात पेटीतल्या पिठाला कुणी सोबा म्हणतच नसे. ते हाताला लावायचं पीठ, तेवढंच.

"मी... ती नुसती भुरभुर..." तोकुजी म्हणाले.

तोमोएनं पुढचं ऐकलं नाही. सुझूच्या गळ्यावर, कानांमागे लाल गांध्या उठत होत्या. ओठ सुजत होते. तोमोएनं पेन काढलं, टोपण उडवलं आणि पोरीच्या मांडीत कपड्यावरूनच खुपसलं. सुझू रडायला गेली, पण रडण्याला आवाज नव्हता. आत जाणारा श्वास तेवढा शिटीसारखा वाजत होता.

"आई, ॲम्ब्युलन्स. आत्ता." तिनं सुझूला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. फुसाए फोनकडे धावल्या. पत्ता सांगताना त्यांना स्वतःच्या गावाचं नाव आठवेना.

आरडाओरडा ऐकून शुनपेई अंगण ओलांडून धावत आला. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. सुझूनं बापाला बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"तिथेच थांब," तोमोए म्हणाली. "आत येऊ नकोस."

"तोमोए, ती मला..."

"अंगावर काय आहे तुझ्या, बघ."

तो उंबऱ्याबाहेरच राहिला. मग बर्फात उभा राहून त्यानं एप्रन काढला, सदरा काढला, बनियन काढला, मुठीनं बर्फ घेऊन तोंड, छाती, हात घासत राहिला. केसांतून तरीही पीठ झडतच होतं. सुझूचे हात थोडा वेळ तसेच पसरलेले होते. मग खाली पडले.

ॲम्ब्युलन्स डोंगर चढून येईपर्यंत दुकानापुढची रांग गप्प झाली होती. तोमोए पोरीला घेऊन एकटीच गाडीत बसली. वळणावळणाच्या रस्त्यात सुझूचा श्वास पुन्हा अडकला, दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं, आणि हॉस्पिटलात पोचल्यावर घशात नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, रात्र काढायला हवी.

रात्र निघाली. नव्या वर्षाच्या सकाळी नळी काढली. सुझू डोळे मिटून पडली होती, चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा.

व्हरांड्यात तोकुजी उभे होते. पिठाचा कण राहू नये म्हणून त्यांनी केस वस्तऱ्यानं काढून टाकले होते. वॉर्डच्या दारापासून चांगले लांब, भिंतीला लागून उभे. तोमोए बाहेर आली तेव्हा त्यांनी कमरेत वाकून मान खाली घातली आणि वर उचललीच नाही.

"सरळ उभे राहा, बाबा."

"दुकान बंद करतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आजच पाटी उतरवतो."

तोमोएला त्यांचा राग यायला हवा होता. येतही होता. पण दुकान बंद करून काय होणार होतं? त्या घराच्या तुळयांत, दारांच्या खाचांत, या म्हाताऱ्याच्या हातांत पीठ होतं. हातांना ठाऊकच नव्हतं की ते पीठ आहे.

"दुकान चालू ठेवा. सुझूला मी तिथे आणणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "आणि शुनपेई? तो येईल दुकानात?"

"त्याचं तो ठरवेल. मला आत्ता त्याचा विचार करायला वेळ नाही."

"एक मागतो, सूनबाई. माझ्या हातून झालं, हे तिला सांगू नकोस. इतकी गोड खात होती."

"सांगणार," तोमोए म्हणाली. "ठाऊक असायला हवं तिला. तुम्ही वाईट म्हणून नाही, बाबा. तुम्ही इतकं केलंत, तरी झालं म्हणून."

ते पुन्हा वाकले. या वेळी ती थांबली नाही.

दुपारी सुझू जागी झाली. आवाज घोगरा, घासल्यासारखा. तोमोएनं तिचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं, काही न लपवता, लहान लहान वाक्यांत. सुझू छताकडे बघत ऐकत होती.

"मला आधीच टोचत होतं," ती म्हणाली. "अर्धी वाटी झाली तेव्हाच."

"मग थांबली का नाहीस, राणी?"

"टाकली असती तर आजोबांना वाईट वाटलं असतं."

तोमोएनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "यापुढे थांबायचं," ती म्हणाली. "कुणालाही वाईट वाटू दे. आणि कुणीही काही दिलं तरी आधी विचारायचं. कुणीही."

थोड्या वेळानं नर्स तांदळाची पातळ पेज घेऊन आली. तोमोएनं चमचा भरला, फुंकर मारली आणि सुझूच्या ओठांशी नेला. सुझूनं तोंड उघडलं नाही. तिनं चमच्याकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे.

"यात काय आहे?"

"तांदूळ. पाणी. मीठ."

"तू बघितलंस, करताना?"

तोमोएनं बघितलं नव्हतं. तिनं चमचा वाटीत परत ठेवला आणि नर्सला विचारायला उठली.