धबधब्याच्या वर

कुसुमने गेमची कॅसेट ओठांशी धरली आणि माउथऑर्गन वाजवावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारली. मग ती खाचेत दाबून बटण सरकवलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. तिने कॅसेट उपसून काढली, पदराने पुसली, पुन्हा फुंकली.

"अजून चालतो?" बाजेवरून कोकिळाने विचारलं.

"न चालायला काय झालं? सहा वर्षं माळ्यावर पडून होता. भावांना आता दुकानापुढे काही दिसत नाही. म्हटलं, कोकिळाच्या बाळाला देऊन टाकू. आत्तापासून शिकला तर आईसारखा पडणार तरी नाही."

कोकिळा हसली, पण ते हसू तिने डोक्याला बांधलेल्या रुमालाची गाठ सारखी करण्यात दडवलं. बाळ पंचवीस दिवसांचं होतं. बाजेखाली शेगडीतला ओवा अजून धुमसत होता. नशिराबादहून ती बाळंतपणाला धुळ्याला आली, तेव्हापासून कुसुम येईल याची तिला धास्ती होती. या सहा वर्षांत माहेरी आली की ती कुसुमच्या वडिलांचं, कांतीलालशेठचं दुकान टाळायला मागच्या बोळाने फिरून जायची. बाळंतिणीला मात्र कुठे पळता येत नाही. आणि कुसुम आली ती हाताने शिवलेलं झबलं-टोपडं घेऊन, काखेत हा गेम घेऊन, जणू काल संध्याकाळीच उठून गेली होती.

पुष्पाबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"उनी का कुसुम? जेवीसन जाजो, बरं का."

"हो मावशी. पण मला वांगी नको हं."

"तुनी आवड का माले माहीत नही?" म्हणत पुष्पाबाई आत वळल्या. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिसऱ्या फुंकरीला टीव्हीतून ती धून उमटली. सातवीपासून दहावीपर्यंत, शाळा सुटली की कांतीलालशेठच्या दुकानावरची ती खोली, खालून येणारा मिरची-धण्याचा वास, आणि ही धून. कुसुमच्या मामाने सुरतेहून गेम आणला तो भाच्यांसाठी. पण भाच्यांना चार ते पाच दुकानात बसावं लागे. तो एक तास या दोघींचा. निळा माणूस कुसुमचा, लाल कोकिळाचा. दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचं. एकीने समोरचं बघायचं, दुसरीने वरचं. कुसुमचे ओठ खेळताना नेहमी थोडे उघडे राहत आणि कोकिळा उडी मारायची तर रिमोटसकट स्वतःही गादीवर उडायची. त्यावरून दोघी इतक्या हसत, की खालून शेठ काठीने छत ठोकत.

सगळं अडायचं ते धबधब्यापाशी. तिथे पुढे नाही, वर जायचं असे. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या. वर गेलेल्याबरोबर पडदाही वर सरके, आणि जो खाली राहिला त्याच्या पायाखालचा दगड दिसेनासा झाला की तो मेला. म्हणून वरच्याने थांबायचं. हा नियम गेममध्ये कुठे लिहिलेला नव्हता; तो कुसुमचा होता. ती वरच्या दगडावर गोळ्या चुकवत उभी राही.

"ये. मी उभी आहे."

कोकिळाची उडी दरवेळी तोकडी पडे. तिच्या लाइफ संपल्या की एक बटण दाबून दुसरीच्या उरलेल्यांतली घेता यायची.

"एक घेऊ?"

"घे ना. विचारतेस काय?"

अशा घेता घेता कुसुमच्याही संपत. त्या सगळ्या वर्षांत दोघी धबधब्याच्या वर कधी गेल्याच नाहीत.

"धर," कुसुमने लाल माणसाचा रिमोट तिच्या हातात दिला आणि स्वतः बाजेला टेकून खाली बसली. "शिंदखेड्याला माझ्या पोरीला सांगत असते मी. म्हटलं, माझी मैत्रीण पूल काढते. कागदावर आधी ती काढते, मग सरकार बांधतं. ती विचारते, मावशी किती मोठी आहे?"

कोकिळाचा अंगठा बटणावर थिजला.

"मोठी मोठी चित्रं असतील ना गं? टेबलभर?"

"हो," कोकिळा म्हणाली.

एवढंसं ते 'हो', पण ते बोलून झाल्यावर तिला कानांच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या. डिप्लोम्याचा कागद नशिराबादला सासूबाईंच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली होता. लग्नानंतर तो एकदाही बाहेर निघाला नव्हता.

आणि तो कागद मिळाला कसा?

दहावीचा निकाल लागला तेव्हा कांतीलालशेठ म्हणाले होते, "पोरीला एकटी कॉलेजला धाडणार नाही. सोबत असेल तर माझी ना नाही." तेव्हा दुकानात, पोत्यांमध्ये उभी राहून कोकिळाच म्हणाली होती, "मी आहे ना, काका." दोघींनी एकाच डिंकाच्या बाटलीने धुळ्याच्या कॉलेजच्या फॉर्मवर फोटो चिकटवले. मग जळगावच्या पॉलिटेक्निकची यादी लागली. कोकिळाच्या मामाने भरलेल्या अर्जावर तिचं नाव आलं होतं. पुष्पाबाई म्हणाल्या, "कोणले सांगू नको. नजर लागस." तिने नाही सांगितलं. तीन दिवस ती कुसुमला रोज भेटली, कॉलेजला कुठली ओढणी घ्यायची यावर बोलली, आणि नाही सांगितलं. आईने सांगितलं होतं म्हणून, असं ती स्वतःला म्हणे. पण आईची कितीतरी सांगणी तिने कधी ऐकली नव्हती. हेच एक तेवढं सोयीचं पडलं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कोकिळा सहाच्या एसटीने जळगावला गेली. कुसुम प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म घेऊन चौकात उभी राहिली, कॉलेजची प्रवेशाची खिडकी बंद होईपर्यंत. हे आईच्या पत्रातून कळलं, खालच्या दोन ओळींत. सोबत नाही, म्हणून कॉलेज नाही. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कुसुमला शिंदखेड्याला दिली.

"ए, लक्ष कुठे आहे? धबधबा आला."

पडद्यावर पांढरं पाणी पडत होतं. निळा माणूस तीन उड्यांत वर गेला आणि थांबला. तिथेच, तशाच जागी.

"ये. मी उभी आहे."

कोकिळाने उडी मारली. पडली. पुन्हा मारली. पुन्हा पडली. शेवटच्या वेळी तिने उडी मारलीच नाही. गोळी येताना दिसत असून लाल माणूस तिने तसाच उभा ठेवला.

"संपल्या?" कुसुम हसली. "घे माझ्यातली. तीन आहेत."

बटण अंगठ्याखाली होतं. कोकिळाने अंगठा उचलून बाजूला ठेवला.

"कुसुम, मी नोकरी करत नाही. एक दिवसही केली नाही. घरीच असते मी."

कुसुम टीव्हीकडेच बघत होती. निळा माणूस दगडावर उभा होता आणि बाजूने गोळ्या जात होत्या. बाळ झोपेत कण्हलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. कोकिळाला आता एकच हवं होतं: कुसुमने त्या दिवसाचं विचारावं, शिव्या द्याव्यात, निदान मान तरी वळवावी.

"पोरीला नाही सांगणार मी हे," कुसुम अखेर म्हणाली. "ती वहीत पूल काढते."

मग तिने रिमोट दोन्ही हातांत नीट धरला. निळा माणूस उडाला. एक दगड, दुसरा, तिसरा. कुठे अडखळणं नाही, मागे बघणं नाही. डावीकडून काय येणार, कुठला दगड अरुंद, सगळं हातांना पाठ असल्यासारखं. कोकिळा बघत राहिली. हे कुसुमला काही आजच जमलेलं नव्हतं. हे तिला सातवीतच जमत होतं.

पाणी संपलं. वर काळं आभाळ आलं आणि त्याखाली, आजवर दोघींनी न पाहिलेलं, काहीतरी मोठं हलू लागलं.

कुसुमचे ओठ थोडे उघडे राहिले होते.

"असं होतं होय वर," ती म्हणाली.