योखेवेदची जागा
योखेवेद हैफाच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजते आहे. तिची मुलगी नुरित परवा माझ्याकडे आली. म्हणाली, "पेनिनामावशी, आईला तुमच्या टेकडीवर पुरायचं. दुसरं काही मागत नाही ती."

टेकडीवर आमच्या किबुत्झची, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीची, दफनभूमी. जागा फक्त सभासदांना. योखेवेदने आमच्याबरोबर तंबू ठोकले, दगड वेचले, मलेरियात कुडकुडली. पण तिसऱ्या वर्षी ती इथून गेली.

काल भोजनगृहात सभा भरली. पूर्वी इथे दीडशे माणसं एकत्र जेवायची. आता ज्याची त्याची चूल वेगळी, सभेला तीस डोकी जमली तरी डोक्यावरून पाणी. सचिव गिलादने जुनं इतिवृत्त उघडून वाचलं, "योखेवेद स्वखुशीने किबुत्झ सोडून गेली." मग माझ्याकडे बघून हसला. "आजी, अक्षर तुमचंच ना? काय सुरेख आहे हो!"

माझंच. तेव्हा सचिव मी होते.

मी काठी टेकत उठले. "खोटं आहे ते. नुरित तेव्हा तान्ही होती, तापाने फणफणली होती. सगळ्यांची मुलं आईबापांपासून वेगळी, बालगृहातच झोपायची, असा नियम. योखेवेद तिला सोडेना. मग आम्ही सभेत हात वर करून तिलाच हाकललं. माझाही हात वर होता. आणि नव्या किबुत्झची अब्रू जायला नको, म्हणून मी 'स्वखुशीने' असं लिहिलं."

"आजी, साठ वर्षं झाली त्याला," गिलाद म्हणाला.

"आज हिला दिली, तर उद्या सोडून गेलेले सगळे रांग लावतील," मागून कुणीतरी बोललं.

"अरे, ती मरतेय! वावभर माती मागतेय, तुझं घर नाही मागत!"

मी काठी जमिनीवर आपटत ओरडले. मतं घेतली. जागा द्यावी म्हणून एकच हात वर गेला, संधिवाताने वाकडा झालेला, माझा.

आज सकाळी गिलादने कालचं इतिवृत्त फळ्यावर लावलं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'अर्ज एकमताने नामंजूर.'

त्याला गाठून विचारलं, "माझा हात दिसला नाही का रे तुला?"

"दिसला की. पण एका हातासाठी वाद झाल्याचं कशाला लिहायचं, आजी? किबुत्झचं नाव खराब होतं."

माझेच शब्द होते ते.

आता नुरितला फोन करायचा आहे. माझा हात वर होता, असं तिला सांगितलं तरी काय होणार? तिच्या आईला हाकललं तेव्हाही तो वरच होता.